नऊ जोड्या आणि एक एकटा

पहिली जोडी मंगळवार बाजारात मिळाली,
पंख्यांच्या पात्यांखाली, उताणी.
विकणाऱ्याला वाटलं रेडिओची पेटी,
त्याच्या पोराला वाटलं कोंबड्यांची.
साडेतीनशेला घेतली, सायकलला लुंगीनं बांधली,
अशोक चौकापर्यंत चालत आणली.
घरी येऊन वूफरच्या फोमला बोट लावलं,
कडक भाकरीसारखा चुरा झाला.

लतीफ मिस्त्री म्हणाला, टाकून दे बे.
तिसऱ्या दिवशी दुकानात गेलो तर
तोच बसलेला, कोनाला नवी किनार चिकटवत,
तोंडात ब्रश, मांडीवर चुंबक,
चुंबकाला त्याच्याच दुकानाच्या किल्ल्या.

तेव्हापासून हे असंच.
एक जोडी हैदराबादहून आली,
चादरी उतरवून परत येणाऱ्या टेम्पोत.
एक बाळीवेशीतल्या म्हमाणे वकिलांच्या बैठकीतून, ते गेल्यावर.
मुलानं पैसे घेतले नाहीत. एवढंच म्हणाला,
आप्पा ऐकताना वरच्या कडेवर पेन आपटायचे,
त्या खुणा पॉलिश करू नका.
नाही केल्या.
आणि एक एकटाच आहे, सागवानी पापुद्र्याचा.
त्याचा जोडीदार कुठं गेला कुणाला माहीत नाही.
राजमणी त्याला विधुर म्हणते.

घर दोन खोल्यांचं.
चौथ्या दिवशी पाणी येतं तेव्हा
कुठला बॉक्स कुठं सरकायचा हे घागरी ठरवतात.
उंच बॉक्सवर ती शेंगाचटणीची बरणी ठेवते.
मी काढतो. ती ठेवते.
तबल्याचा डग्गा घुमला की बरणी
इंचइंच कडेला चालत येते,
आणि ती पोळपाटावरून मान न उचलता म्हणते,
बघा, निघाली.

जाळीचं कापड मी स्वतः विणलं.
चादरीचं सूत जाड, त्यातून आवाज
तोंडावर पांघरूण घेऊन बोलल्यासारखा येतो.
एका रविवारी मालकाला न विचारता
मागावर काळं बारीक सूत चढवलं, विरळ,
इतकं विरळ की तीनदा तुटलं.
साडेचार मीटर.
अलीकडून फुंकर मारली, पलीकडची मेणबत्ती विझली.
एवढं चांगलं कापड मी आयुष्यात विणलं नाही
आणि ते कुणी पांघरणार नाही.

आता खरं सांगतो.
एकतीस वर्षं आठ मागांच्या मधोमध उभा राहिलो,
वर पत्रा.
कान गेले असं नाही. वरचे गेले.
झांजेचं टोक गेलं, पैंजण गेले,
आमच्या गल्लीत रातकिडे आहेत असं बाकीचे म्हणतात.
डॉक्टरनं कागदावर रेघ काढून दाखवली,
इथवर सपाट, मग एकदम खाली,
चादर खाटेवरून घसरावी तशी.
प्रत्येक बॉक्सात वर एक छोटी घुमटी असते, ट्विटर.
माझ्याकडे अशा एकोणीस आहेत.
एकोणीसही माझ्यासाठी बंद दुकानं.

म्हणून मेहुण्याची श्रावंती येते, वय अकरा.
खडूच्या फुलीवर डोळे मिटून उभी राहते,
दोन्ही बॉक्सांपासून सारखी लांब.
मामा, डावीकडचा वाळूसारखा वाजतोय.
वाळू?
नाही, साखर.
मी मागची फळी उघडतो, कपॅसिटर बदलतो,
डाग देताना अंगठा भाजतो.
आता?
ती बराच वेळ काही बोलत नाही.
मग म्हणते, आता मीठ. मीठ चालेल का?
चालेल, म्हणतो. मला काय कळतंय.
पण तिच्या भुवया बघत बसतो,
कुठं वर जातात, कुठं थांबतात,
तेवढं गाणं मला त्यातून मिळतं.

गुरुवारी बार्शीला एक जोडी बघायला जायचंय.
एका बंद पडलेल्या फोटो स्टुडिओतली,
दोन्ही बाजूंनी झाकणं शाबूत, म्हणाले फोनवर.
श्रावंतीची सहामाही आहे.
मिस्त्री म्हणतो, मी येतो की.
त्याच्याही मागे चाळीस वर्षांचं लग्नाच्या मंडपातलं
भोंग्यांचं काम.
दोघं जाऊ, दोघं उभे राहू समोर,
एकमेकांना विचारू, वर काही वाजतंय का.