समासातली जागा

डुलूथ. तिसरीचा वर्ग. खिडकीबाहेर
सरोवर अजून गोठलेलंच, एप्रिल असून.
ऑरिनचं पान पिवळंधमक,
पहिल्या ओळीपासून शेवटच्या टिंबापर्यंत
हळदीला बसवल्यासारखं.

"सगळंच महत्त्वाचं आहे, मिस केळूसकर."

मी मार्कर काढून घेतला.
कोरी प्रत दिली, पेन्सिलीचा बुटका तुकडा दिला.
म्हटलं, एकच खूण कर.
दाताखाली खडा येईल, तिथे.
आणि शेजारी लिही, का.

सोळा मिनिटं तो नुसता वाचत होता.
इंग्रिड आणि मलीक बाण-चौकटी काढून मोकळे झाले,
रेडिएटर ठकठकत राहिला.

मग त्याने एका स्वल्पविरामाभोवती
गोल काढला.

'दीपगृहातल्या म्हाताऱ्याने बोटीची वाट पाहिली,
आणि दिवा मालवला.'

समासात, वाकड्या अक्षरात:
इथे तो किती वेळ थांबला?

सात वर्षं शिकवतेय मी हा धडा.
उत्तरांची छापील यादी आहे माझ्या खणात.
तीत हा स्वल्पविराम नाही.

त्याच्या प्रश्नाखाली मी लिहिलं, खूप.
मग खोडरबर मागितला,
त्याच्याकडेच.