तारतंत्री

फॉर्मवर माझ्या धंद्याचं नाव 'तारतंत्री' आहे.
बावीस वर्षं लोक वायरमन म्हणतात,
गोळीबार चौकात नुसतं 'ए करंट'.
तारतंत्री म्हटलं की वाटतं
कोणी वीणा घेऊन बसलाय.

खिडकीतल्या बाई म्हणाल्या, धकाते,
परवानाधारक ठेकेदाराचा अनुभवाचा दाखला आणा.
म्हणजे निनावे शेठचा.
त्याचा परवाना दुकानात काचेमागे,
उदबत्त्यांनी धुरकटलेला.
घर न पाहता तो टेस्ट रिपोर्टवर सही करतो,
दिघोरी असो की नारी, सहीचा भाव एकच.
म्हणाला, चार वर्षं लिहून देतो बे,
जास्त लिहिली तर पीएफचं विचारतील.

उरलेली अठरा
गिलाव्याच्या आत आहेत.

खरं तर मलाही परवान्याचं काही नव्हतं.
मानेवाड्यात एक घर केलं, तेव्हा मालक म्हणाले,
अर्थिंगचा खर्च कशाला, कूलरच तर आहे.
मी हिरवी तार तिथंच कापली, टेप गुंडाळला.
तिसऱ्या उन्हाळ्यात त्यांच्या सुनेनं
ओल्या हातानं टाकी भरायला घेतली.
वाचली.
उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत.
पोलिसांनी विचारलं, काम कोणाचं?
कागदावर निनावे. त्यानं ते कसं मिटवलं, त्यालाच माहीत.
मी कुठंच नव्हतो.
सुटलो म्हणून बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं
अजून अंगातच फिरतंय,
त्याला जमिनीत जायला वाट नाही.

तोंडी परीक्षेत साहेबांनी विचारलं,
खड्ड्यात काय घालता?
कोळसा, मीठ. कोळसा, मीठ.
बरोबर, म्हणाले, पुढचा.
पुढचं त्यांनी विचारलंच नाही, का जी,
आपली काळी माती मेमध्ये अशी फाटते
की भेगेत मनगट जातं,
आणि खड्डा सुकला की तांब्याची पट्टी
नुसती तांब्याची पट्टी उरते.

परवाना आला. पिशवीत ठेवला.
मानेवाड्याला जाऊन खड्डा खणला.
पैसे घेणार नव्हतो, पण घेतले,
कारण पावती द्यायची होती:
खाली माझं नाव, माझा नंबर.
म्हटलं, मृग लागेपर्यंत रोज एक बादली ओता.

निघताना वळून पाहिलं.
ती डाव्या हातानं ओतत होती,
सांडत होती अर्धी.