तीस टक्के जड

चोंगजूच्या कामगार कचेरीतल्या बाईंनी कागद पुढे सरकवला.
कू ब्योंगहो, वय एक्कावन्न, पार्सल उतरवणारा, रात्रपाळी.
शेवटच्या बारा आठवड्यांचे तास भरा, म्हणाल्या,
सिद्ध तुम्हालाच करावं लागेल.
कंपनीचं मस्टर सांगतं, आठला आला, पाचला गेला.
रोज. एका मिनिटाचाही फरक नाही.
इतका नेमाचा माणूस मी घरात कधी पाहिला नाही.

तर मोजायला बसले आहे.
बुटक्या मेजावर टोलच्या पावत्या, कोपऱ्यावरच्या दुकानाची बिलं,
त्याचा फोन.
दोन चौदा : डब्यातली कॉफी, दोन.
तीन पन्नास : कॉफी, एक. पाठीला लावायच्या पट्ट्या.
यावरून तो जागा होता एवढंच सिद्ध होतं, वकील नाम गीरान म्हणते.
माझ्याहून वीस वर्षांनी लहान पोर,
असल्या हिशेबात मुरलेली.

मेसेज मात्र कामाला आले.
"ट्रक आत्ता लागलाय."
"सोरिनला सांग, या रविवारी नक्की."
"तू झोप."
बारा आठवड्यांत एकसष्ट वेळा, तू झोप.
तेव्हा या दोन शब्दांचा मला राग यायचा.
आता एकेकासमोर वेळ लिहिते,
चार पाच, चार चाळीस, पाच बावीस,
आणि बेरीज वाढली की बरं वाटतं,
बरं वाटल्याची लाज वाटते.

इथे एक नियम आहे, मला ठाऊक नव्हता.
रात्री दहा ते पहाटे सहा, यातला तास
दिवसाच्या तासाहून तीस टक्के जड धरतात.
मी पेन खाली ठेवलं.
म्हणजे कुठल्याशा खोलीत, कुणीतरी,
त्याचं वजन करून ठेवलं होतं.
फक्त उचलणाऱ्याला सांगायचं राहिलं.

इस्पितळातल्या तरुण डॉक्टरला मी विचारलं होतं,
इतकी वर्षं एकही खाडा न केलेलं काळीज
असं अचानक कसं थांबतं?
तो म्हणाला, खाडा नाही करत, पण विसावतं.
दोन ठोक्यांच्या मधे.
स्वतःच्या वाट्याचं रक्तही तेव्हाच घेतं, बहुतेक.
ठोके जलद झाले की आधी ती मधली फट आक्रसते.
"म्हणजे जेवणाची सुट्टी कापतात," मी म्हणाले.
त्याने मान खाली घातली, आणि पायातल्या सपातांकडे बघत राहिला.
तोही रात्रभर जागा असावा.

इमारतीच्या पहारेकऱ्याने, ब्योन आजोबांनी,
वाहनतळाच्या कॅमेऱ्यातल्या वेळा हाताने उतरवून दिल्या.
गाडी आत, सहा चाळीस. माणूस लिफ्टपाशी, सात पंचवीस.
दुसऱ्या दिवशी सहा बावन्न, सात चाळीस.
मी वाटलं, आजोबांची चूक.
पान उलटलं, पुढचं उलटलं.
पाऊण तास. जवळजवळ रोज.
चार मजले खाली, इंजिन बंद,
आणि वर मी सोयाबीनचं सार तिसऱ्यांदा गरम करत
त्याच्या नावाने बोटं मोडत होते.

हा वेळ कशात धरायचा?
कामात नाही, गीरान म्हणाली, पुरावा नाही.
मग विश्रांतीत?
तिने कागद उलटसुलट केला.
तसा रकाना नव्हता.

काल संध्याकाळी खाली जाऊन गाडीत बसले.
सीट पार मागे सरकवलेली,
माझे पाय पेडलपर्यंत पोचेनात.
दाराच्या खणात एकच हातमोजा,
बार्लीच्या चहाची अर्धी बाटली.
तिथून आमच्या स्वयंपाकघराची खिडकी दिसते.
दिवा लावायचा राहून गेला होता,
नाहीतर आत कोण उभं आहे तेही दिसलं असतं.

आज सातवा आठवडा. अजून पाच उरलेत.
दीड वाजलाय. सोरिन उठून दारात येते,
किती झाले गं, विचारते.
मी मान वर न करता म्हणते,
तू झोप.