रकाना सातवा

अर्जात सातवा रकाना:
पाचारण केव्हा झालं? तारीख लिहा.

पाळकसाहेबांना त्यांची तारीख पाठ आहे,
कवठ्याची सभा, पेट्रोमॅक्सचा उजेड.
माझ्याकडे तसलं काही नाही.

मिरजेच्या दवाखान्यात रातपाळी.
खाट चौदा, हळदीच्या वखारीतले सिद्राममामा
हाक मारायचे, मी धावायचो.
पाणी? नको. पांघरूण? नको.
परत हाक.
तिसऱ्यांदा स्टूल ओढून नुसता बसलो.
प्रार्थना आठवेना,
त्यांची पिवळी बोटं धरून ठेवली.
पुण्याची गाडी शिटी मारून गेली
तेव्हा ती गार होती.

आई म्हणते, टाक रे एखादी तारीख,
शनिवारी पोस्ट लवकर मिटतं.

पेन उघडून बसलोय.
वेळ ठाऊक आहे, चार वीस.
तारीख
रूथसिस्टरना विचारावी लागेल.