उदंचन

मसुदा इंग्रजीतून आला, पावणेअकराला.
पिवळी फाईल, नाडीची गाठ शिपायानं दातानं सोडलेली.
विषय: श्री. जनार्दन लक्ष्मण वायंगणकर,
फोरमन, उदंचन केंद्र, वरळी.
यांना खालच्या हुद्द्यावर, खालच्या वेतनश्रेणीत.

मी अनुवादक, श्रेणी दोन.
एकोणीस वर्षं श्रेणी दोन.
मला कुणी खाली आणलं नाही
कारण वर कुणी नेलंच नव्हतं.

कोशाच्या पाठीवर चिकटपट्टी,
'डी'ची पानं बोटांनी काळी पडलेली.
डिमोट. डिग्रेड. डिव्हॅल्यू. डिमीन. डिबेस.
केवढा हा संसार साहेबाच्या भाषेचा,
माणूस उतरवायचा तर दरवाजा निवडावा लागतो!
डिमोटमध्ये खुर्ची जाते, माणूस उरतो.
डिव्हॅल्यूमध्ये माणूस तिथंच असतो,
फक्त त्याची नोट चालत नाही.
डिमीनला ऑर्डरसुद्धा लागत नाही.
कॅन्टीनमध्ये एखाद्याचा कप वेगळा ठेवला
की झालं.

डिबेसपाशी मी थांबले.
बाबा झवेरी बाजारात कस लावायचे.
काळ्या दगडावर एक रेघ, शेजारी दुसरी,
मग बराच वेळ काही न बोलणं.
हीण म्हणजे शिवी नाही गं, म्हणायचे,
निखळ सोन्याची बांगडी कडीला अडकली तरी वाकते,
तांबं पोटात घेतलं की वीस वर्षं भांडी घासते.
कोशात हे नाही.

आपल्याकडे ताप उतरतो.
दृष्ट उतरते मीठमोहऱ्यांनी, रात्रीची चढलेली सकाळी उतरते,
डोक्यावरची पाटी उतरवायला
अनोळखी माणूसही हात देतो.
उतरणं इतकं काही वाईट नव्हतं
माणसाचं पाणी उतरेपर्यंत.

पाणउतारा.
मोठ्यानं म्हटलं असावं मी,
मस्कारेन्हासबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

आरोप: पंप क्रमांक तीन,
अकरा मिनिटं बंद, विनापरवाना.
ओल्या विहिरीत, जाळीपाशी,
कंत्राटदाराचा एक माणूस अडकला होता
हे जोडपत्र 'क'मध्ये, फिकट झेरॉक्सवर,
त्या माणसाचं नाव न घालता.
सव्वीस वर्षं ज्यानं या शहराचं पाणी,
ज्याला कुणी पाणी म्हणत नाही ते,
खालून वर उचललं आणि समुद्राकडे लोटलं
त्याच्या पाण्याचा उतारा
मला काढायचा होता, दोन प्रतींत,
कार्यालयीन वेळेत.

मी लिहिलं: पदावनत.
नियमावलीतला शब्द. इस्त्री केलेला.
नाकाजवळ नेला तरी कसलाच वास नाही.

तो तीनला आला.
शर्टाच्या खिशात टेस्टर, पेनाच्या जागी.
बसा म्हटलं तर उभाच राहिला.
ओळीखाली बोट ठेवून वाचत गेला,
त्या शब्दाशी बोट थांबलं.
"अवनत म्हणजे वाकलेला ना, बाई?
शाळेत होतं आम्हाला. अवनत मस्तक."
हो, म्हटलं.
"मग बरोबर लिहिलंय.
वाकल्याशिवाय त्याचा हात सापडत नव्हता."

माझं पेन घेऊन सही केली.
हुद्द्याच्या रकान्यापाशी थोडा घुटमळला,
मग तारीख घातली, नाव लिहिलं,
रकाना तसाच सोडला.
जिन्यापर्यंत जाऊन परत आला,
पेन द्यायचं राहिलं होतं.

मस्कारेन्हासबाई म्हणाल्या, अपूर्ण आहे,
फाईल परत येईल.
येऊ दे.
मी शिक्का शोधत होते,
आणि शाईचा पॅड
कधीचा सुकून गेला होता.