टाकीचं झाकण

बोरामणी सोडलं, चढ लागला,
की गाडी दम सोडते.
गावात शहाण्यासारखी चालते,
नाक्यावर, वजनकाट्यावर, पोलिसासमोर, काही नाही.
मग बारा-तेरा किलोमीटरवर एकदम
आवाज पातळ होतो, ॲक्सिलेटर पायाखाली पोकळ लागतो,
आणि बंद.
दहा मिनिटं कडेला उभी केली, एक बिडी ओढली,
की परत सुरू. जसं काही झालंच नाही.

हे अंबण्णा बिराजदार सांगत होता
हैदराबाद रोडवर, दस्तगीर मिस्त्रीच्या पत्र्याखाली.
मी रॉकेलच्या डब्यात पाने धूत होतो.
एप्रिलचा दीड वाजलेला.
उन्हानं पत्रा अधूनमधून आपोआप टण्ण करायचा.

आधी काय काय केलं त्याच्या पावत्या अंबण्णाच्या खिशातच होत्या:
दोन्ही फिल्टर नवे. फीड पंप नवा.
मोठा पंप उतरवून कॅलिब्रेशन, नऊ हजार.
नॉझल. पावती नसलेलं लिंबू-मिरची.
"आता काय इंजिनच बदलू का ओ?"

मिस्त्री काही बोलला नाही.
एकवीस वर्षं लूमवर कापसाची धूळ गिळलेला माणूस,
बोलायच्या आधी श्वास मोजतो.

फिल्टरवरचा स्क्रू त्यानं दोन आटे सैल केला.
मला म्हणाला, दाब.
मी हातपंप दाबत गेलो. आधी फेस,
मग एकेक बुडबुडा,
मग डिझेल, सलग, बोटावरून ओघळणारं.
प्रत्येक सांध्यावर त्यानं अंगठा फिरवला
आणि अंगठ्याकडं पाहिलं.
कोरडा.
"हवा खात नाही."

मग पाच लिटरचा कॅन टपावर बांधला,
टाकीची लाइन सोडवून कॅनची जोडली,
आणि तिघं निघालो, मागं टॉवेलच्या गाठींचा पूर्ण माल.
बोरामणीचा चढ गाडी हसत चढली.
अंबण्णानं हॉर्न वाजवला, कुणी समोर नसताना.
"गाडी ठणठणीत," मिस्त्री म्हणाला. "टाकीला काहीतरी आहे."

तिथंच उन्हात लाइन परत टाकीला जोडली.
नळदुर्गाच्या अंगाला चाललो.
तेरावा किलोमीटर. आवाज पातळ. बंद.

अंबण्णा सवयीनं बॉनेटकडं धावला.
मिस्त्री सावकाश खाली उतरला,
टाकीशी बसला, पत्र्याला कान लावला,
आणि झाकण फिरवलं.

सूऽऽऽ.

रडता रडता अडकलेलं पोर
शेवटी श्वास घेतं, तशी
बाहेरची हवा आत गेली.
टाकीचं आत ओढलेलं पोट टण्णदिशी बाहेर आलं.

झाकणाला सुईएवढं भोक असतं.
ते मातीनं लिंपलेलं होतं, नीट, बोट फिरवल्यासारखं.
श्रावणापासून दिवाळीपर्यंत गाडी
हप्त्याच्या भानगडीत यार्डात उभी होती,
तेवढ्यात कुणी कुंभारीण येऊन घर बांधून गेली.

"डिझेल जेवढं जातं, तेवढी हवा आत यायला लागते की.
नाही आली तर टाकी धरून बसते, सोडत नाही."
एवढं एका दमात बोलून तो थांबला.

ताडपत्री शिवायच्या दाभणानं माती उकरली.
आत तीन वाळके कोळी, आणि एक पांढरी अळी,
डिझेलच्या वासातच सुकून गेलेली.
मिस्त्रीनं ती तळहातावर घेतली, बराच वेळ पाहिली,
मग हात पँटला पुसला.

"किती द्यायचं?"
"दाभण तुझंच आहे. कॅनमधल्या डिझेलचे दे."

अंबण्णानं गाडी चालू केली.
मिस्त्री दुसऱ्या पायरीवर चढला
आणि दांडा धरून तिथंच उभा राहिला.
मी खाली, हात तेलकट,
ढकलावं की नाही कळेना.
त्याच्या पाठीचा शर्ट
वर व्हायचा, अडायचा, खाली यायचा.

"घाई नको रे," मागं न बघता म्हणाला,
"दहा मिनिटं उभं केलं
की मी पण चालू होतो."

इंजिन एकसारखं वाजत होतं.
झाकणाच्या भोकाशी मी बोट नेलं, लावलं नाही.