ओ

ओउलूत डिसेंबरात अडीचलाच दिवस मिटतो.
बंदराच्या प्रयोगशाळेत मी, एन्सिओ
आणि टेबलावर एक हिरवा बोर्ड:
बर्फाची जाडी मोजणारा, तीन दिवस मुका.

संवेदक ठणठणीत आहे. एन्सिओने तो पाण्यात बुडवून पाहिला,
बादलीतल्या बर्फात रोवून पाहिला,
आजोळच्या बोलीत शिव्या घालून पाहिला.
तो मोजतो, पण सांगत नाही.
किंवा सांगतो, आणि माझा ड्रायव्हर ऐकत नाही.

ऐकणं म्हणजे काय, हे मला पगारापुरतं कळतं.
प्रोसेसर आपल्या नादात असतो,
एका तारेवरून हाक येते,
तो हातचं काम टाकतो,
कुठे थांबलो तिथे खूण घालतो,
दाराशी धावतो, ओ देतो,
काय हवं ते चिठ्ठीवर टिपतो
आणि परत. चिठ्ठीतलं काम मागाहून, सवडीनं.
दारात गप्पा मारायच्या नाहीत.
दारात झोपायचं तर मुळीच नाही.

तार एक, बिऱ्हाडं तीन:
संवेदक, घड्याळ, आणि बॅटरीवर नजर ठेवणारी चिप.
हाक आली की एकेका हँडलरला विचारायचं,
तुझ्याकडचं का?
नाही.
तुझ्याकडचं?
तिघंही नाही म्हणाले आणि हाक चालूच राहिली
लाखभर वेळा, तर कर्नल वैतागून तारच बंद करतो
आणि नोंदवहीत लिहितो:
कुणीही दखल घेतली नाही.
अकरा वर्षं वाचतेय ही ओळ. अजून सरावले नाही.

पण या वेळी तीही नव्हती.
नोंदवही कोरी. मोजणी शून्य. घड्याळसुद्धा गप्प.

रात्री एकला एन्सिओने ऑसिलोस्कोपची सुई टेकवली.
तार खाली होती. खालीच. सपाट रेघ,
कुणी कडी धरून उभं असावं तशी.

मग दिसलं, माझ्याच हातचं.
मांडणीच्या फाइलमध्ये मी लिहिलं होतं:
तार वरून खाली येते, त्या क्षणी जागं व्हायचं.
त्या क्षणीच.
आणि संवेदकाचा तो क्षण येऊन गेला होता
वीज आल्याआल्या, ड्रायव्हर चढायच्या चार सेकंद आधी.
मी कान लावला तेव्हा त्याची हाक मारून झाली होती,
आणि ओ आल्याशिवाय तार सोडायची नाही
ही त्याची रीत.
त्याच्या हाताखाली बाकीच्या दोघांच्या हाका दबलेल्या.
तीन दिवस तो तिथेच. मी म्हणत होते, मुका.

एक शब्द बदलला:
तार खाली आहे तोवर हाक आहे.
बोर्ड पुन्हा चालू केला. मोजणी एक. दोन. सात.
बादलीतला बर्फ: अकरा सेंटिमीटर.
एन्सिओ बादलीला म्हणाला, शाबास.

घरी पोचले तेव्हा चार वाजले होते, उणे बावीस.
माझ्या खाली हिल्का राहते, सत्त्याऐंशीची.
आमचं ठरलंय: रेडिएटरच्या नळावर चमचा वाजवायचा,
दोनदा म्हणजे औषध, तीनदा म्हणजे ये.
मी घरात नसताना वाजवला तर,
हे आम्ही ठरवलंच नव्हतं.

तिच्या खिडकीत दिवा होता.
मी बूटही न झटकता दार ठोठावलं.

“मी नाही वाजवला,” हिल्का म्हणाली, हात पिठाचे.
“झोप येत नाही म्हणून पाव भाजतेय. तुला काय झालंय?”

म्हटलं, चमच्याचं राहू दे यापुढे.
काही लागलं तर खिडकीत दिवा लावून ठेव,
मी येईपर्यंत मालवू नकोस.

तिने माझ्या खांद्यावरून बाहेर पाहिलं,
सकाळी दहापर्यंत न हलणाऱ्या त्या काळोखाकडे.
“दिवा तर चोवीस तास असतो, बाई, मार्चपर्यंत.”

मग ती बाजूला झाली.
म्हणाली, आत ये आधी, गारठा शिरतोय.